पिकअपवर चालतं घर बसवायचंय? मग इंजिनाआधी वजन बघा

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगावी दुकानं, पाळणे, दंडार आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या नाटकांचं मोठं केंद्र. तिथून कंपन्या निघतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि पुढचा प्रयोग दुसऱ्याच गावात. पडदे, साउंड, लाइट, पेट्या, सगळं गाडीवर. प्रेक्षकांची सोय होते. कलाकारांची, त्यातही बायांची, होतेच असं नाही. कपडे बदलायला पडद्यामागचा कोपरा आणि संडासासाठी शेजारच्या घराची विनवणी.

साकोली तालुक्यातल्या एकोडीत राहणारा माझा मावसभाऊ अशा एका कंपनीत लाइटचं काम करतो. त्याच्या आणि त्याच्या दोन मित्रांच्या डोक्यात एक कल्पना आली: जुनी पिकअप घ्यायची, तिच्यावर एक खोली बसवायची. दोन झोपायच्या फळ्या, कपडे बदलायला आडोसा, छोटा संडास, बेसिन, पंखा. हंगामात नाटक कंपन्यांना भाड्याने, उन्हाळ्यात नागझिऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना. मला व्हॉट्सअॅपवर अमेरिकेतल्या एका ट्रक कॅम्परचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, असं कराचं हाय. कितीचं इंजिन पायजे?"

तिघांचे मिळून धानाचे पैसे आणि वर कर्ज, असा मामला आहे. म्हणून उत्तर दोन ओळींत न देता नीट लिहितोय. तुमच्यापैकी कुणाला फूड ट्रक, फिरतं दुकान किंवा फिरायला कॅम्पर करायचा असेल तर गणित हेच आहे.

ट्रक कॅम्पर म्हणजे नक्की काय

कॅराव्हॅन म्हणजे गाडीच घर. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या डाल्यात बसवलेली वेगळी खोली. चार जॅक लावून ती उचलायची, खालून गाडी काढून घ्यायची आणि गाडी पुन्हा साध्या कामाला मोकळी. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. १९६०च्या दशकात तिथल्या ट्रक कंपन्या 'कॅम्पर स्पेशल' नावाने जड स्प्रिंग लावलेल्या पिकअप विकायच्या, कारण साध्या पिकअपला ते ओझं झेपत नव्हतं. आजही तिथले मोठे कॅम्पर रिकामेच दीड-दोन टनांचे असतात आणि ते उचलायला फोर्ड एफ-३५० किंवा रॅम ३५०० सारखे, मागे चार टायर असलेले ट्रक लागतात.

आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटलं की बोलेरो कॅम्पर आठवते. नाव कॅम्पर असलं तरी ती पुढे पाच माणसं आणि मागे डाला असलेली पिकअप आहे, तिच्यात झोपायची सोय नाही. ओएलएक्सवर 'कॅम्पर' शोधाल तर तीच दिसेल.

इंजिनाचा प्रश्न आधी बाजूला ठेवा

एक तुलना बघा. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस ताकद, ऑटोमॅटिकमध्ये ५०० एनएम टॉर्क. दिसायला अगदी त्या अमेरिकन व्हिडिओतल्यासारखी. आणि आपल्या बाजारात भाजीपाला, सिमेंट वाहणारी बोलेरो पिकअप? तिची ताकद ऐंशी एचपीच्या आसपास. पण वजन वाहण्यात हायलक्स तिच्या जवळपासही येत नाही. बोलेरो पिकअपच्या मॉडेलच्या नावातच १.३, १.७, २.० असे आकडे असतात. ते टनांचे आहेत. टाटाची योद्धा २.० सुद्धा नावाप्रमाणे दोन टनांची.

असं का? इंजिन गाडी ओढतं. ओझं पेलतात ते चेसिस, पाटे, एक्सल, बेअरिंग, रिम आणि टायर. आणि ते ओझं थांबवतात ब्रेक. हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस यांचे पाटे आरामासाठी मऊ ठेवलेले असतात. रिकामी बोलेरो पिकअप खड्ड्यात माणसाची हाडं खिळखिळी करते, कारण तिचे पाटे दोन टनांसाठी बनवलेत.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी घर ठरवा, त्याचं वजन काढा, मग ते पेलणारी गाडी शोधा. बहुतेक लोक आधी गाडी घेतात आणि मग बॉडीवाल्याला म्हणतात, "यावर बसेल तेवढं बसवून दे." बसतं हो सगळंच. प्रश्न रस्त्यावर येतो.

आरसीवरचे दोन आकडे

कोणतीही जुनी गाडी बघायला जाताना मालकाला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी दाखवायला सांगा. इंजिन नंबर, चेसिस नंबर सगळे तपासतातच. तुम्ही आणखी दोन आकडे बघा. एक 'अनलॅडन वेट', म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. दुसरा 'ग्रॉस' किंवा 'लॅडन वेट', म्हणजे माल, माणसं, डिझेल सगळं धरून रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमच्या हातात असलेलं वजन.

यात एक बारीक गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरत नाहीत. म्हणजे पुढे तीन माणसं बसली की दोनेकशे किलो त्या वजाबाकीतूनच गेले.

खोलीचं वजन खरंच किती होतं?

भावाने मला माप पाठवलं: नऊ फूट लांब, पावणेसहा फूट रुंद, साडेसहा फूट उंच. मी फोनवरच शीट उघडून मांडलं. अंदाज आहे, पण हवेतला नाही.

सांगाडा ४० बाय ४० मिलिमीटरच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी चौकोनी पाइपचा धरला. असा एक मीटर पाइप सुमारे २.४ किलो भरतो. साठ मीटर लागला तर १४४ किलो. बाहेरून चार मिलिमीटरची एसीपी शीट, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना लावतात ती: चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास, चार भिंती आणि छत मिळून सव्वाशे किलो. आतून पातळ प्लाय नव्वद. खाली १८ मिलिमीटरचा प्लाय साठ. फळ्या, कपाट, संडासाचा आडोसा यांचा प्लाय आणखी नव्वद. दार, दोन खिडक्या, थर्माकोल, स्क्रू, सिलिकॉन धरून साठ. इथपर्यंत ५७० किलो झाले आणि आत अजून काहीच नाही.

मग पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, यात सवलत नाही. टाकीसह ११०. घरातल्या इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून सत्तर. सोलरची दोन पॅनल चाळीस. संडास, बेसिन, पंखा, वायरिंग, छोटी शेगडी आणि पाच किलोचं सिलिंडर मिळून साठ. गाद्या वीस. नाटकाचे कपडे, मेकअपच्या पेट्या, भांडी ऐंशी. हे ३८० झाले. पुढे तीन माणसं, दोनशे.

बेरीज ११५०. आणि बॉडीवाल्याकडे प्रत्यक्ष काम सुरू झालं की वजन कागदापेक्षा वाढतंच, "इथे एक पट्टी अजून मारतो" असं म्हणत. म्हणून खोलीच्या वजनावर पंधरा टक्के चढवले. साडेबाराशे किलोच्या जवळ आलो.

धानाच्या भाषेत सांगायचं तर चाळीस किलोचे एकतीस कट्टे. फरक असा की धानाचे कट्टे खरेदी केंद्रावर उतरतात आणि गाडी रिकामी परत येते. हे एकतीस कट्टे कधीच उतरणार नाहीत. खोली जॅकवर काढून ठेवायची म्हटलं तरी रोज रात्री गाव बदलणाऱ्या कंपनीत ते कोण करतंय? पाटे, टायर, बेअरिंग यांना एक दिवस सुट्टी नाही. म्हणून मी वाहनक्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच थांबायला सांगतो. तो माझा हिशेब आहे, कायद्याचा नाही. साडेबाराशेला ०.८ ने भागा: १५६० किलो. म्हणजे १.३ टनवाली पिकअप कागदावर बसते पण बाद, आणि १.७ टनवाली बरोबर.

छोटा हत्ती स्वस्तात मिळतोय म्हणून भावाच्या मित्राने तोही सुचवला होता. त्यावर ही खोली ठेवली तर हत्ती नाही, मुंगी वाटेल.

वजन कमी करायचं असेल तर आधी सांगाड्याकडे बघा. त्याच मापाचा अॅल्युमिनियमचा पाइप लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा असतो. तो महाग आहे, जोडकाम करणारा कारागीरही शोधावा लागतो, आणि मजबुतीसाठी थोडा जाड घ्यावा लागतो. तरी सत्तर-ऐंशी किलो सहज वाचतात. दुसरी जागा बॅटरी. लिथियम फॉस्फेटची शंभर एएचची बॅटरी बारा-तेरा किलोची असते, ट्यूब्युलर पन्नास-साठची. माझं मत विचाराल तर पैसे असतील तर ते इथे घाला, म्युझिक सिस्टिमवर नको.

बंडीचा नियम

ज्यांनी बैलबंडीत धान भरलंय त्यांना हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की बंडी उलळते. पुढे जास्त भरलं की बैलांच्या मानेवर ओझं. पिकअपचंही तेच, फक्त बैलांच्या जागी पुढचं एक्सल आहे.

समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तीन मीटर अंतर आहे आणि वर हजार किलोची खोली. खोलीचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या तीस सेंटिमीटर पुढे असेल तर नऊशे किलो मागे आणि शंभर पुढे जातात. ठीक. तोच गुरुत्वमध्य एक्सलच्या तीस सेंटिमीटर मागे गेला तर मागच्या एक्सलवर अकराशे, आणि पुढच्या चाकांवरचे शंभर किलो उलट कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं. नवख्याला ते छान वाटतं. ओल्या रस्त्यावर वळताना गाडी सरळ जाते तेव्हा कळतं. अमेरिकेत तर असे कॅम्पर आणि ट्रक विकताना गुरुत्वमध्य कुठे यायला हवा याची माहिती ग्राहकाला देणं नियमानेच बंधनकारक आहे.

आता भावाच्या नकाशात पाण्याची टाकी आणि संडास अगदी मागे दारापाशी होते, कारण प्लंबिंग सोपं पडतं. बॅटरीही मागेच. मी सांगितलं, टाकी आणि बॅटरी पुढे, केबिनच्या पाठीला लावून आणि जमिनीलगत घे. कपड्यांच्या पेट्या मागे चालतील.

जमिनीलगत का? पिकअपच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये १४० सेंटिमीटर अंतर धरा. त्याचा अर्धा भाग ७०. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर असेल तर ७० भागिले ७०, उत्तर १. खोली बसवल्यावर गुरुत्वमध्य १२० वर गेला तर ७० भागिले १२०, उत्तर ०.५८. म्हणजे वळणावर गाडी उलटायला आधी जेवढा बाजूचा जोर लागत होता त्याच्या सहा दशांशही आता लागत नाही. प्रत्यक्षात पाटे कलतात, त्यामुळे त्याआधीच. साकोलीच्या हायवेवर बाजूने कंटेनर गेला की साडेसहा फुटी सपाट भिंतीला वाऱ्याचा धक्का बसतो तो वेगळा. चिखलदऱ्याचा घाट उतरायचा असेल तर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. पूर्ण भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

टायरवरचा नंबर

जुनी गाडी बघताना टायरची नक्षी सगळे बघतात. फोनची टॉर्च लावून बाजूवरचा नंबर वाचा. मापानंतर १०६/१०४ असा आकडा असतो. हा लोड इंडेक्स. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो. मागे दोनच टायर असतील तर मागचं एक्सल १९०० किलोच्या वर न्यायचं नाही. दुसरा आकडा जोडटायरसाठी: १०४ म्हणजे ९००, आणि मागे चार असतील तर ३६००. इंडेक्स १०० म्हणजे ८०० किलो. कुणी स्वस्तातले कारचे टायर चढवले असतील तर ते इथेच सापडतात.

आणि तो प्रसिद्ध उपाय: "एक पाटा वाढवून घेऊ, काही होत नाही." पाटा वाढवला की गाडी मागून बसत नाही, एवढंच. एक्सल, बेअरिंग, रिम, ब्रेक, टायर होते तेच राहतात. आरसीवरचं ग्रॉस वजनही तेच राहतं. उलट गाडी सरळ दिसते, त्यामुळे जास्त भरल्याचं कळत नाही. मला हा उपाय धोक्याची घंटी काढून ठेवल्यासारखा वाटतो.

मोठं घर हवं असेल तर

माझं गणित पाठवल्यावर दोन दिवसांनी भावाचा मेसेज आला. आता शॉवर, एसी, जनरेटर आणि केबिनच्या वर झोपायची जागाही हवी होती. प्रत्येक वस्तू लहान, पण बेरीज अठराशेच्या पुढे गेली. इथे दोन टनांची पिकअपसुद्धा ऐंशी टक्क्यांच्या नियमात बसत नाही. पुढची पायरी म्हणजे टाटा ४०७ च्या वर्गातल्या, साडेचार-पाच टन ग्रॉस वजनाच्या गाड्या. ४०७ बाजारात १९८६ पासून आहे, त्यामुळे जुनी गाडी, स्पेअर आणि मिस्त्री तिन्ही तालुक्याच्या गावी मिळतात. मागे चार टायर, रुंद चेसिस. डिझेल जास्त पिणार आणि गावच्या बोळात शिरताना ड्रायव्हरचा कस लागणार.

लायसन्सची चिंता कमी आहे. ७५०० किलो ग्रॉस वजनाच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलंय.

माझं मत: नाटकवाल्यांना एसीपेक्षा दार लागणारी खोली आणि वाहतं पाणी जास्त हवंय. १.७ किंवा २ टनवर थांबा.

आरटीओ

हा भाग कंटाळवाणा आहे, पण कर्जाचा हप्ता सुरू असताना गाडी अडकली तर त्याहून वाईट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. गाडीतच कायमचं घर करायचं असेल तर मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय, त्यामुळे पर्यटनाच्या भाड्याचा विचार असेल तर ते वाचाच.

काढता येणारी खोली मालासारखी बांधून न्यायची तरी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच-३६ वाल्यांनी भंडाऱ्याला, नकाशा घेऊन आधी जा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा, न सांगितलेला बदल क्लेम नाकारायला पुरतो. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवायची नाहीत. कलाकार त्यांच्या बसनेच येतील, खोली गाडी उभी राहिल्यावर वापरायची. आणि ग्रॉस वजनाच्या वर गेलात तर कलम १९४ खाली वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

शेवटचा काटा

खोली तयार झाल्यावर पहिल्या भाड्याला जाण्याआधी राइस मिलच्या किंवा हायवेच्या धर्मकाट्यावर जा. पाणी भरलेलं, डिझेल फुल्ल, पेट्या आत, तिघं जण केबिनमध्ये. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि पावती घ्या. मग पूर्ण गाडी, दुसरी पावती. मग फक्त मागची चाकं, तिसरी. पहिली आणि तिसरी मिळून साधारण दुसरीएवढी यायला हवी. दुसरी आरसीवरच्या ग्रॉस वजनाशी ताडून बघा, तिसरी टायरच्या आकड्याशी. पुढच्या चाकांवरचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी आलं असेल तर टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा आणि पुन्हा काट्यावर चढा. तिन्ही पावत्यांचे फोटो फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा, आत नवीन काही बसवलं की त्या दिवशी पुन्हा एकदा वजन.